रस्त्यानं जाणारं विमान

जगातली कुठलीही वस्तू पूर्ण होऊन बाजारात येते, यावर आमच्या मालकांचा कधीच विश्वास बसला नाही. कंपनी अर्धं काम करते आणि उरलेलं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांवर सोडते, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यामुळे नवीन वस्तू घरात आली की तिला हळद-कुंकू लागायच्या आधी मालकांचा पाना लागतो. घरच्या मिक्सरला त्यांनी एक भलतीच दांडगी मोटर बसवली आहे. मालकीणबाई, म्हणजे आमच्या काकू, चटणी वाटायला घेतात तेव्हा शेजारच्यांच्या भिंतीवरचे पूर्वजांचे फोटो तिरके होतात. कुकरची शिट्टी त्यांना "मेल्यागत" वाटायची, म्हणून लेथवर पितळेची नवी शिट्टी काढली. ती वाजली की गल्लीतली पोरं शाळा सुटली म्हणून दप्तरं उचलतात. छत्रीला त्यांनी स्कूटरच्या क्लचची स्प्रिंग घातली होती. ती एकदा बसस्टॉपवर उघडली आणि पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांची टोपी थेट समोरच्या रसवंतीत जाऊन पडली. मालक टोपी आणायला गेले, टोपीबरोबर रस पाजूनच त्या गृहस्थांना परत आणलं, आणि वर सांगितलं, "पावणं, टोपी ढिली हाय तुमची. आत रबर घाला."

मी त्यांच्याकडे कसा आलो ते सांगायला हवं, नाहीतर हा कोण मधेच बोलणारा असं तुम्हाला वाटेल. मी भंडाऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि कामाच्या मागे फिरत फिरत शिरोलीच्या एका फाउंड्रीत येऊन पोचलो. ती बंद पडली त्या दिवशी मी उद्यमनगरातल्या एका चहाच्या गाड्याजवळ पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. एक ठेंगणा, रुंद, हातभर ऑइल लागलेला माणूस समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पावणं, जेवलाय का?" नाव नाही, गाव नाही, आधी जेवण. मी हो म्हणालो, कारण मला कुणाला त्रास द्यायची भीती वाटते. ते म्हणाले, "खोटं बोलतंय," आणि दंडाला धरून घरी घेऊन गेले. त्या दिवशीचा पांढरा रस्सा पिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाने आलं असं काकूंनी समजून घेतलं. पांढऱ्या रश्श्यात तिखट नसतं हे त्यांनाही ठाऊक होतं. तेव्हापासून मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे आणि वरच्या खोलीत राहतो. नाव त्यांनी पुढे कधीतरी विचारलं आणि लगेच विसरले. मी आजही पावणंच. पावणं म्हणायचं आणि पुढे अरे-तुरे करायचं, ही पद्धत मला आधी विचित्र वाटायची. आता कुणी नावाने हाक मारली की काही चुकलं का, असं वाटतं.

तसं मला सगळ्याचंच काही ना काही वाटतं. मी कुलूप लावलं की ओढून बघतो, ओढून बघितलं होतं का ते आठवत नाही म्हणून कोपऱ्यावरून परत येतो. मालक नेमके उलटे. त्यांना कशाचीच भीती नाही असं सगळं उद्यमनगर सांगतं. विजेच्या ऑफिसातल्या साहेबाला त्यांनी साहेबाच्याच खुर्चीत बसून जाब विचारला आहे. राधानगरीच्या रस्त्यावर गवा आडवा आला तेव्हा ते गाडीतून उतरून त्याला "बाजूला हो की जरा" म्हणाले होते, आणि तो झालाही होता. पण मी भित्रा असल्यामुळे मला एक गोष्ट दिसत गेली, जी धीटांना दिसत नाही. या माणसाचे पाय जमीन सोडत नाहीत. शिडीवर चढायचं काम निघालं की मालकांना कुणाचा तरी फोन येतो. माझ्या वरच्या खोलीत ते कधी आलेले नाहीत; जिन्याखाली उभे राहून बोंबलतात. जत्रेत काकू पाळण्यात बसल्या की मालक खाली पाळणेवाल्याला बेअरिंगबद्दल चार गोष्टी सांगत राहतात. पन्हाळ्याला गेलो तेव्हा सगळे तटावरून खालची शेतं बघत होते आणि मालक भिंतीला पाठ लावून मक्याचं कणीस खात होते. मी विचारलं, तर म्हणाले, "खाली काय बघायचंय? खालनंच आलोय की!"

हे सगळं खपून गेलं असतं, पण त्यांची एकुलती एक लेक नवऱ्याबरोबर जर्मनीत राहायला गेली, आणि तिला दिवस गेले. दिवाळीनंतरची तारीख होती. आई-बाबांनी बाळंतपणाला यायचंच, असं तिचं म्हणणं. पासपोर्ट निघाले, व्हिसाचं जमत आलं, काकूंनी डिंकाच्या लाडवांचं सामान आणलं, आणि मालक कारणं तयार करायला बसले. त्यात त्यांनी लेथवरच्या कामाइतकीच कारागिरी दाखवली. आधी म्हणाले, साखर कारखान्याचे रोलर हातात आहेत. ते झाले. मग म्हणाले, गुडघा दुखतो. डॉक्टरांनी गुडघा ठणठणीत सांगितला, तेव्हा डॉक्टरच कच्चा निघाला. मग म्हणाले, तिकडे थंडी लई. लेकीने फोनवर सांगितलं की घरात गरम असतं, तर म्हणाले, "मग घाम येत आसंल." शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या पावण्याला टाकून कुठं जाऊ? भितंय ते. येकटं ऱ्हात न्हाय." लेकीने फोन ठेवून दिला. मी लेथच्या मागे गेलो आणि लोखंड पकडायचं पुसलेलं चकच पुन्हा पुसलं.

अशा वेळी तो चष्मा आला. शाहूपुरीतल्या एका ओळखीच्या घरात पुराचं पाणी शिरलं होतं. त्यात पोराचा टीव्हीला जोडून खेळायचा डबा गेला, पण त्या डब्याबरोबरचा डोळ्यांवर बांधायचा मोठा चष्मा माळ्यावर होता म्हणून वाचला. डबा नाही तर चष्म्याचं काय करायचं, म्हणून त्यांनी तो मालकांना देऊन टाकला. ज्याचं काही होत नाही ते मालकांना द्यायचं, असा आमच्याकडे रिवाजच आहे. मालकांनी तो उलटसुलट केला, वास घेतला, आणि विचारलं, "ह्यात विमान चालवता येतंय म्हणं?" कुणी काही बोलायच्या आत त्यांनी जाहीर केलं की हा चष्मा लेकीच्या कॉम्प्युटरला जोडायचा. लेक इंजिनिअर, तिचा डिझाइनचा मोठा, ताकदवान कॉम्प्युटर सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, कापडाखाली झाकून ठेवलेला होता. काकूंनी विचारलं, "आन् विमान चालवून काय करनार?" मालक म्हणाले, "ज्या गाडीचा ड्रायवर काय करतंय ते मला कळत न्हाय, त्या गाडीत मी बसत न्हाय." हे खरंच आहे. एसटीत ते ड्रायव्हरच्या मागेच बसतात आणि गडहिंग्लजपर्यंत गिअर कधी टाकायचे ते सांगतात. पण मला त्या वाक्यात दुसरंच काही ऐकू आलं. ज्या माणसाने महिनाभर फक्त न जाण्याची कारणं शोधली, तो पहिल्यांदा जाण्याची तयारी करत होता.

राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या एक मॅडम आहेत. मालकांच्या लेकीची शाळेतली मैत्रीण. त्यांनी सांगितलं की खेळाच्या डब्याचा चष्मा कॉम्प्युटरला थेट जोडता येत नाही. मधे एक छोटी डबी लागते. चष्म्याची वायर त्या डबीत, आणि डबीतून पुढे कॉम्प्युटरला. डबी त्यांनी मागवून दिली, पण तिच्याबरोबर पडद्याची केबल येत नाही, ती वेगळी घ्यायची, असं बजावूनही सांगितलं. मालकांनी हे ऐकलं आणि घरी येऊन टीव्हीची केबल उपसली. ती डबीच्या भोकात गेली, पण सैल बसली. आता दुसरा कुणी म्हणाला असता की केबल चुकीची आहे. मालक म्हणाले, "ढिली बसतीया. म्हंजे कंपनीनं बुश मारायचा ऱ्हायलाय." आणि ते वर्कशॉपमध्ये गेले. त्यांनी पितळेची कागदासारखी पातळ पट्टी घासून, त्या केबलच्या तोंडाभोवती असं काही सुंदर कवच बसवलं की ते सराफाच्या दुकानात ठेवावं. केबल डबीत टप्प करून बसली. मालकांनी चष्मा चढवला, मान इकडून तिकडे फिरवून बघितली आणि म्हणाले, "लई अंधार हाय. रातचं विमान दिसतंय."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, त्यांनी ती केबल बघितली आणि भिंतीतलं बटण बंद करून खाली बसल्या. "काका, हे काय केलंत तुम्ही? काही जळलं नाही हे नशीब समजा. बसतंय म्हणजे जुळतंय असं नसतं!"

"उद्यमनगरात बसलं की जुळलं," मालक म्हणाले.

"ह्याला डिस्प्लेपोर्टचीच केबल लागते. टीव्हीची नाही."

"मग तसं सांगायचं की!"

"सांगितलं होतं!"

"सांगितलं हुतं, पर वराडून न्हाय."

मॅडमनी आपल्या पिशवीतून खरी केबल काढली आणि लावली. चष्म्यात उजेड आला. मग हातांचं प्रकरण उभं राहिलं. दोन हातांत धरायची दोन कडीवाली दांडकी असतात. ती बिनवायरीने कॉम्प्युटरशी बोलतात. त्यासाठी नखाएवढी एक कांडी कॉम्प्युटरला लावावी लागते. मालकांनी ती मागच्या बाजूला, लोखंडी कपाटाला खेटून लावली, कारण पुढे चांगली दिसत नाही. झालं असं की चष्म्यात मालकांचा उजवा हात जागेवर राहिला आणि डावा हात तरंगत तरंगत पंख्यापाशी जाऊन लटकला. ते त्याला हाका मारत होते. "ये की खाली! कुटं चाललंय?" मॅडमनी ती कांडी लांब वायर लावून पुढे आणली, तेव्हा हात घरी परतला. मालकांनी लगेच त्या कांडीसाठी पितळेचं, दिवा ठेवायच्या ठाणवईसारखं उभं ठाणं बनवलं. ते इतकं देखणं झालं की खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत काकूंनी लेथ, ड्रिल, पाने-हातोडे यांच्याबरोबर चष्म्यालाही पाटावर बसवलं. चष्म्याच्या तोंडावर बारीक चार कॅमेरे आहेत. त्यांनीच तो खोली बघतो. काकूंना वाटलं, देवाला दोन डोळे, ह्याला चार. चारी डोळ्यांना त्यांनी नेमकं मधोमध कुंकू लावलं. त्यानंतर चष्म्याला आपण कुठे आहोत तेच सापडेना. जागा दिसत नाही, जागा दिसत नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला. मॅडम येऊन मऊ फडक्याने पुसेपर्यंत मालक त्याला समजावत होते, "अरं कोल्हापुरात हैस. आनि कुठं?"

पुसता पुसता मॅडम म्हणाल्या, "काका, एक सांगून ठेवते. हा चष्मा मुळात त्या खेळाच्या डब्यासाठी केलेला. त्याच्याजवळ असताना तो थरथरून दाखवायचा, डोळे कुठे बघताहेत ते ओळखायचा. कॉम्प्युटरवर त्यातलं काही चालत नाही. नुसतं दिसेल, ऐकू येईल."

मालक हिरमुसले. काकू मात्र भाजी निवडत तिथूनच म्हणाल्या, "सासरी आल्याली पोर हाय ती. म्हायेरातलं लाड हितं कुटलं? पर नांदतीया न्हवं? बास झालं." सगळे हसले. मालक हसले नाहीत. ते लेकीच्या कॉम्प्युटरकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "पावणं, खुर्ची आन."

खुर्ची म्हणजे भंगारातल्या व्हॅनची सीट, पट्ट्यासकट, लाकडी फळीला नटबोल्टने आवळलेली. आमची सुट्टी सोमवारी असते. सोमवारी सकाळी आंघोळ करून, चपला बाहेर काढून, जमिनीला हात लावून मालक त्या सीटवर बसायचे. तालमीत जाणाऱ्या पैलवानासारखे. माझं काम चष्म्याची वायर हातात धरून मागे उभं राहायचं, म्हणजे ती पायात येऊ नये. मी पूजेतल्या चवरीवाल्यासारखा उभा असायचो. चष्म्यात दिसतं तेच कॉम्प्युटरच्या पडद्यावरही दिसतं, त्यामुळे मालकांचं विमान मी पहिल्यापासून बघितलं आहे. मॅडमनी त्यांना छोटं, दोन सीटचं विमान दिलं आणि आमच्याच उजळाईवाडीच्या विमानतळावर उभं केलं. समोर लांबलचक धावपट्टी. मॅडम म्हणाल्या, "वेग आला की दांडा मागे ओढायचा. उडेल आपोआप."

विमान निघालं. वेग आला. मॅडम म्हणाल्या, "ओढा." मालक म्हणाले, "ओढतो की. रस्ता मोकळा होऊ दे." रस्ता मोकळाच होता. धावपट्टी संपली, पुढचं कुंपण गेलं, शेत गेलं, आणि विमान पुणे-बंगळूर हायवेला लागलं. मालकांनी ते डाव्या बाजूला घेतलं आणि पुण्याच्या दिशेने सोडलं.

"काका! हे विमान आहे!"

"हाय की. पंख जरा रुंद हैत, पर जमतंय."

त्या सोमवारी आम्ही विमानाने टोलनाका ओलांडला. पुढच्या सोमवारी पेठ नाका गेला. मालक वळणावर हॉर्न शोधायचे आणि तो नाही म्हणून कंपनीला शिव्या द्यायचे. विमानातून ट्रक आरपार जायचे, त्या प्रत्येकाला ते "बघून चालव की!" म्हणायचे. कराडचा पूल आला तेव्हा त्यांनी वेग कमी केला, कारण पूल जुना असेल. रोज संध्याकाळी गाड्यावर चहाला गेलं की लोक विचारायचे, "मालक, कुठवर आलं विमान?" मालक गंभीरपणे सांगायचे, "सातारच्या अलीकडं." हसून हसून लोकांच्या कपातला चहा बशीत यायचा. मॅडमनी हात टेकले. जावईबापूंनी फोनवर विचारलं, "बाबांचं फ्लाइट ट्रेनिंग कसं चाललंय?" तेव्हा काकू म्हणाल्या, "चांगलं चाललंय. टायर झिजत आलेत."

मी हसत नव्हतो. मी वायर धरून मागे उभा असायचो आणि पडद्यावर मालकांचा उजवा हात बघायचो. लांब सरळ रस्ता आला की तो हात दांड्यापाशी जायचा. दांड्याला बोटं लागायची. ती बोटं लोखंडाचा अर्धा केस जास्त निघाला तरी ओळखणारी, कधीच न कचरणारी. ती दांडा न ओढताच गुडघ्यावर परत यायची. लगेच मालक मोठ्याने काहीतरी बोलायचे: ट्रकला, रस्त्याला, कंपनीला. भित्र्याला भित्रा लगेच ओळखू येतो. मला एवढंच कळत होतं की तिकिटांचा दिवस जवळ येतोय, तिकडे त्यांची पोर वाट बघतेय, आणि या वेगाने आमचं विमान मुंबईला पोचेपर्यंत नातवंड चालायला लागलेलं असेल.

मग एका सोमवारी मालक हात धुवायला उठले आणि काकू पदर खोचून त्या सीटवर जाऊन बसल्या. "घाल गं माज्या डोक्याला ते," मॅडमना म्हणाल्या. मालक "अगं, काय करतीस" म्हणेपर्यंत चष्मा चढला, पट्टा लागला. मॅडमनी विमान साताऱ्याहून उचलून परत उजळाईवाडीला ठेवलं. विमान धावलं. मॅडम म्हणाल्या, "आता ओढा काकू," आणि काकूंनी विहिरीतून घागर ओढावी तसा दांडा ओढला.

पडद्यावरची जमीन खाली गेली. मी वायर घट्ट धरली. सीट तर जागेवरच होती, तरी मी दुसऱ्या हाताने तिची पाठ धरली.

"अगं बाई!" काकू ओरडल्या. "अवो! अवो, रंकाळा! केवढुसा दिसतोय बघा, ताटलीयेवढा! ती काय आपली गल्ली आसंल... अगं, ऊस बघ की, नुसती हिरवी वाकळ आंथरल्यागत!" त्या लहान पोरीसारख्या हसत होत्या, मान इकडून तिकडे, हात हवेत. मालक सोप्याच्या दारात उभे होते. जमिनीवर, फरशीवर, आपल्या घरात. दोन्ही हातांनी त्यांनी चौकट धरली होती आणि डोळे गच्च मिटले होते.

"अवो, आयकताय का?" काकू वरूनच म्हणाल्या. "मी जाते बघा येकटी. पोर वाट बघतीया. तुमी या मागनं, रस्त्यानं."

कुणी हसलं नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी वायरकडे बघितलं. मालक चपला घालून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉप उघडायला खाली आलो तर ते आधीच आत होते. लेथ चालू, चकमध्ये एक शाफ्ट, पण कापायचं हत्यार लावलेलं नाही. नुसतं फिरतंय आणि ते बघताहेत. मला बघून त्यांनी लेथ बंद केला. एवढ्या वर्षांत मालकांचा हळू आवाज मी ऐकला नव्हता. मला वाटलं, आता मला कामावरून काढणार.

"पावणं," ते म्हणाले, "तू घर सोडून आलास तवा भ्यालास का?"

"भ्यालो की."

"लई?"

"गाडी सुटली तेव्हा खिडकीचे गज धरून बसलो होतो. वर्धा येईपर्यंत सोडले नाहीत."

"मग भीती कवा गेली?"

मला खोटं बोलता आलं असतं. इथले लोक धीर देताना खुशाल खोटं बोलतात, चांगलं असतं ते. पण मला सुचलं नाही. "गेली नाही मालक. अजून आहे. रोज सकाळी असते."

"मग रं? कसं करतोस?"

"काय करणार? भीत भीतच करतो."

मालकांनी हातातल्या फडक्याने लेथचं आधीच स्वच्छ असलेलं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. "आयला," ते म्हणाले, "मला वाटत हुतं आदी ती जाती, मग मानूस जातंय." मग त्यांनी पुन्हा लेथ चालू केला आणि त्याच्या आवाजावरून ओरडले, "उभा काय ऱ्हायलास? पाना दे!"

त्यानंतर मालक त्या सीटवर बसले नाहीत. मॅडमनी दोनदा विचारलं, तर म्हणाले, "शिकून झालं." साताऱ्याच्या पुढे आमचं विमान गेलं नाही.

मुंबईला विमानतळावर दोघांना पोचवायला मी गेलो होतो. गाडीत मालक एकसारखे बोलत होते. आत जायच्या दारापाशी त्यांनी सामानाची ढकलगाडी उलटी करून बघितली आणि बंदूकवाल्या पोलिसाला सांगितलं की डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. पोलिसाने खिसे रिकामे करून घ्या, आत तपासतील, असं सांगितलं. मालकांच्या खिशातून एक स्क्रू ड्रायव्हर, एक छोटा पाना, माप घ्यायचा व्हर्निअर आणि कुठल्यातरी मशीनचा एक वॉशर निघाला. ते सगळं त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवलं. रिकामे खिसे चाचपत उभा असलेला तो रुंद माणूस मला एकदम लहान दिसला. चेहऱ्यावर रंग नव्हता. "ग्रीस मार शटरला," ते म्हणाले. मग म्हणाले, "जेव वेळेवर." मग आणखी काहीतरी म्हणणार होते, पण काकूंनी त्यांचा हात धरला. चारचौघांत, असा तळव्यात तळवा घालून. माझ्या माहितीत त्यांनी तसं कधी केलं नव्हतं. आणि दोघं त्या सरकत्या काचेतून आत गेले. मालकांनी मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर परत आले असते, म्हणून वळले नाहीत, हे मला कळलं. मीही निघताना गावाकडे असंच केलं होतं.

नात झाली. सगळं नीट झालं. आता लेक म्हणते, थंडी सरेपर्यंत राहा. कधी म्हणते, उन्हाळाही बघून जा. मालकांनी तिथल्या बाबागाडीत काहीतरी सुधारणा केली असून ती उतारावर फार पळते, असं काकू सांगत होत्या. वर्कशॉप मी उघडतो. मोठी कामं येत नाहीत, लहानसहान येतात, लोक हातात काहीतरी मोडलेलं घेऊन येतात आणि दारातूनच विचारतात, "मालक कवा येनार?" मी म्हणतो, येतील. सोमवारी सोप्यातल्या कॉम्प्युटरवरची धूळ झटकतो. आई फोन करते, "जेवलास का बाबू?" म्हणून. यंदा ये म्हणते. मी बघतो म्हणतो. कधी नव्हे ते खरंच बघतो आहे. गाडी कधीची असते वगैरे.

परवा मालकांचा फोन आला. मागे बाळ कुरकुरत होतं. शटर, लेथ, बाकी सगळं विचारून झालं आणि मग ते म्हणाले,

"पावणं, तुला सांगायचं ऱ्हायलं. ते विमान वर गेलं न्हवं, तवा मी डोळं उघडलं."

"हो?"

"व्हय. हिनं लई चिमटं काढलं, मग उघडलं. खिडकीतनं खाली बघितलं. दिवंच दिवं. काय कळंना कुठलं काय. पर म्हटलं, पावणं हितंच कुठंतरी उभं आसंल खाली. म्हनून हात केला." मग हळूच विचारलं, "दिसला का रं?"

त्यांचं विमान सुटलं तेव्हा मी परतीच्या एसटीत होतो. खिडकीला पडदा होता, आणि विमान तर समुद्राच्या अंगाला गेलेलं.

"दिसला की, मालक," मी म्हणालो.